एकट्याचा देव, दहा जणांची वाट

1523 चा मार्च महिना. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर एक लंगडत चालणारा यात्रेकरू इटलीकडे जाणाऱ्या जहाजावर चढायच्या तयारीत होता. वय बत्तिशीच्या आसपास, अंगावर जाडंभरडं कापड, हातात पाच-सहा ब्लांका. ब्लांका म्हणजे त्या काळचं अगदी हलक्या किमतीचं नाणं, आणि हीसुद्धा भिक्षेतून उरलेली. किनाऱ्याला लागून एक बाक होता. त्या बाकावर त्याने ती नाणी ठेवून दिली आणि रिकाम्या हाताने जहाज गाठलं. जायचं होतं जेरुसलेमला.

हा इनिगो लोपेझ दे लोयोला, म्हणजेच पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा संत इग्नेशियस. दोनच वर्षांपूर्वी, 20 मे 1521 रोजी, पाम्प्लोनाचा किल्ला लढवताना तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला होता. अंथरुणाला खिळलेल्या या शिपाईगड्याने वाचायला शौर्यकथा मागितल्या. पण घरात निघाली ती येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. तीच वाचता वाचता त्याचं मन पालटलं. तीसेक वर्षांनी, म्हाताऱ्या वयात, त्याने आपल्या आयुष्याची हकिगत एका सहकाऱ्याला तोंडी सांगितली. तीत तो स्वतःचा उल्लेख सतत ‘यात्रेकरू’ असाच करतो.

पैसे सोडणं त्याला जड गेलं नाही. जड गेला तो शिधा. जहाजाचा मालक त्याला फुकट न्यायला तयार झाला होता, पण वाटेत पुरेल एवढं बिस्किट, म्हणजे खलाशी खातात तो कडक वाळवलेला पाव, ज्याचा त्याने आणायचा अशी अट होती. इनिगो अस्वस्थ झाला. शिधा बांधून घेतला तर देव पोटाला घालील या भरवशाचं काय झालं? अखेर त्याने आपल्या धर्मगुरूला विचारलं. धर्मगुरूने सांगितलं, लागेल तेवढं मागून आण आणि बरोबर ने. मग तो दारोदार हिंडला, बिस्किटांपुरतं गोळा केलं आणि उरलेली चिल्लर त्या बाकावर सोडली.

शिध्याच्या बाबतीत त्याने ऐकलं, सोबतीच्या बाबतीत नाही. त्याला इटालियन येत नव्हती, लॅटिनही येत नव्हती. बार्सिलोनातल्या हितचिंतकांनी परोपरीने सांगून पाहिलं, कुणाला तरी बरोबर घे. त्याचं म्हणणं पडलं की कार्दोनाच्या ड्यूकचा मुलगा किंवा भाऊ यायला निघाला तरी नको. सोबती असला की भूक लागल्यावर त्याच्याकडे बघावंसं वाटणार. पडलो तर तो हात देईल अशी आशा लागून राहणार. मग त्याच्यावर विश्वास बसणार, माया जडणार. हा विश्वास, ही माया, ही आशा त्याला एका देवावरच ठेवायची होती.

श्रद्धेचा हा अतिरेक म्हणून ही गोष्ट बाजूला सारता येत नाही. ख्रिस्ती परंपरेत या विचाराची मुळं खोल गेलेली आहेत. इजिप्तच्या वाळवंटात एकट्याने राहणाऱ्या अँथनीपासून कित्येक तपस्व्यांनी माणसांची संगत सोडणं हीच देवाकडे जाण्याची पहिली पायरी मानली. ऑगस्टीनने तर आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये तरुणपणी गमावलेल्या मित्राबद्दल फार कळवळून लिहिलं आहे. मरणाऱ्या माणसावर आपण तो कधी मरणारच नाही अशा भावनेने प्रेम केलं, ही आपली चूक झाली, असं त्याला पुढे वाटलं. माणूस जातो, बदलतो, कधी फसवतोही. म्हणून अखेरचा भार त्याच्यावर टाकू नये, हे सांगणं चुकीचं नाही. प्रश्न एवढाच, की त्यासाठी माणसाला बरोबरच घ्यायचं नाही का? मित्राच्या खांद्यावर ठेवलेला हात देवावरच्या विश्वासातून वजा होतो का?

1522 ते 1537 ही पंधरा वर्षं इग्नेशियसने स्पेन, इटली आणि फ्रान्सच्या रस्त्यांवर, बहुतेक पायीच, काढली. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे त्या रस्त्यांनी आलं, आणि ते सावकाश आलं.

पहिला धडा मिळाला तो खेचराकडून. 1522 साली मोंतसेरातच्या डोंगरावरच्या मठाकडे जाताना वाटेत त्याला एक मूर, म्हणजे स्पेनमधला मुसलमान, भेटला. गप्पा मेरीच्या कौमार्यावर आल्या, वाद झाला, मूर पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इनिगोच्या डोक्यात शिपाई जागा झाला. मेरीचा अपमान ऐकून घेतला, आता त्या माणसाला गाठून खंजीर चालवावा की जाऊ द्यावं? ठरेना. तेव्हा त्याने लगाम सैल सोडला. पुढे रस्त्याला फाटा होता. खेचर मूर गेला त्या गावाकडे वळलं तर त्याला भोसकायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. गावाचा रस्ता रुंद आणि चांगला होता, गावही जवळ होतं. खेचर हमरस्त्याने गेलं. एका माणसाचा जीव वाचला. म्हातारपणी इग्नेशियसने हा प्रसंग आडपडदा न ठेवता सांगितला, आणि त्यामागचं कारण उघड आहे: तेव्हा त्याला विवेक करता येत नव्हता. देवावर सगळं सोपवणं म्हणजे स्वतः काहीच न ठरवणं, असा त्याचा समज होता. त्या फाट्यावर एखादा समजूतदार सोबती असता, तर निर्णय खेचरावर सोडायची वेळच आली नसती.

दुसरा धडा लगेचच, मोंतसेरातला. मार्चच्या 24 तारखेच्या रात्री त्याने आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, गोणपाटाचा झगा चढवला, तलवार आणि खंजीर मेरीच्या वेदीपाशी ठेवले आणि रात्रभर जागरण केलं. पहाटे कुणी ओळखू नये म्हणून तो निघून गेला. तासाभराच्या अंतरावर मागून एक माणूस धावत आला आणि त्याने विचारलं, ते कपडे तुम्ही खरंच त्या भिकाऱ्याला दिलेत का? लोकांनी भिकाऱ्याला चोर ठरवून छळलं होतं. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आलं. हकिगतीत पालटानंतरचे हे त्याचे पहिले अश्रू आहेत जे दुसऱ्या माणसासाठी आले. आपण आणि आपला देव यांच्यातला व्यवहार म्हणून केलेल्या त्यागाचा भुर्दंड तिसऱ्याने भरला होता.

पुढे इटलीच्या प्रवासात तर त्याने ठरवलेलं पावलोपावली मोडत गेलं. जोराच्या वाऱ्यावर जहाज बार्सिलोनाहून गायेताला पाच दिवसांत पोहोचलं. तिथून रोमच्या वाटेला लागताना त्याच जहाजावरची एक आई, पुरुषी वेषातली तिची मुलगी आणि एक तरुण, तिघंही भिक्षा मागत जाणारी, त्याच्याबरोबर निघाली. रात्री एका घरी मुक्काम पडला. तिथे शेकोटीभोवती सैनिक बसले होते. त्यांनी खायला-प्यायला घातलं. मायलेकींना माडीवर जागा मिळाली, इनिगो आणि तो तरुण तबेल्यात झोपले. मध्यरात्री किंकाळ्या ऐकू आल्या. इनिगो धावत बाहेर आला तर मायलेकी अंगणात रडत उभ्या; सैनिकांनी त्यांच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला होता. त्याने असा आरडाओरडा केला की घरातलं सगळं माणूस हादरलं आणि कुणी पुढे यायला धजेना. बरोबरचा तरुण केव्हाच पळून गेला होता. तिघांनी रात्रीच ते घर सोडलं.

सोबती नको म्हणणारा माणूस त्या रात्री दोन बायकांचा एकमेव सोबती होता. पडल्यावर कुणी हात देईल अशी आशा आपण धरू नये, हे त्याने ठरवलं होतं. पण दुसऱ्या कुणी ती आशा आपल्यावर ठेवली तर काय करायचं, याचा विचार बार्सिलोनाच्या त्या उत्तरात नव्हता.

व्हेनिसच्या वाटेवर गोष्ट उलटी झाली. प्लेगच्या भीतीने शहरांचे दरवाजे बंद होते. किओज्जाजवळ काही प्रवासी त्याला येऊन मिळाले. व्हेनिसमध्ये शिरायला आरोग्याचा दाखला लागतो असं कळल्यावर सगळे पादुआकडे वळले. ते झपाझप चालत होते, याचा पाय साथ देईना. संध्याकाळ होता होता त्यांनी त्याला एका मोकळ्या माळावर मागे टाकलं. त्या माळावर येशूचं दर्शन झालं, असं तो सांगतो. दुसऱ्या दिवशी पादुआच्या वेशीवर पहारेकऱ्यांनी त्याला काहीच विचारलं नाही, व्हेनिसलाही नाही. दाखला मिळवण्यासाठी धावलेल्या इतरांना याचं नवल वाटलं. माणसांनी टाकलं, देवाने सांभाळलं, असा या प्रसंगाचा अर्थ तो लावतो. तो अर्थ नाकारायचं कारण नाही. मात्र व्हेनिसमध्ये सान मार्कोच्या चौकात उघड्यावर झोपणाऱ्या या माणसाला घरी नेऊन जेवू घालणारा एक श्रीमंत स्पॅनिश गृहस्थ होता आणि त्याच्याच ओळखीने व्हेनिसचा प्रमुख, डोज आंद्रेआ ग्रित्ती, याची भेट होऊन सायप्रसच्या जहाजावर जागा मिळाली, हेही तोच सांगतो. ज्याला देवाने दिलेलं म्हणायचं ते दरवेळी कुणा ना कुणा माणसाच्या हातून येत होतं.

जेरुसलेमला तो सप्टेंबर 1523 मध्ये पोहोचला. तिथेच राहायचं त्याच्या मनात होतं. पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखाने साफ नकार दिला. निघण्यापूर्वी तो पहारा चुकवून जैतुनाच्या डोंगरावर गेला, येशूच्या पाऊलखुणा म्हणून दाखवला जाणारा दगड बघण्यासाठी. रखवालदाराला आपला चाकू दिला. नंतर आठवलं, उजवं पाऊल कोणत्या बाजूला होतं ते नीट पाहिलंच नाही. पुन्हा चढला, या वेळी कात्री दिली.

परतीत सायप्रसला एका मोठ्या व्हेनेशियन जहाजाच्या मालकाने फुकट न्यायला नकार दिला. हा संत असेल तर संत जेम्स गेले तसा जाऊ दे, असं तो म्हणाला. इनिगो एका लहान जहाजातून निघाला. तेच इटलीला पोहोचलं. मोठं जहाज सायप्रसजवळच फुटलं, माणसं तेवढी वाचली. पुढे उत्तर इटलीत दोन सैन्यांच्या मधून चालताना स्पॅनिश शिपायांनी हेर समजून त्याला उघडं करून झडती घेतली, आणि कप्तानाने वेडा ठरवून सोडून दिलं.

त्यानंतरची वर्षं शिक्षणाची. अल्काला आणि सालामांका इथे त्याच्याभोवती तीन-चार जणांचा पहिला गट जमला. चर्चच्या चौकशा झाल्या, तुरुंगवास घडला. इनिगो पॅरिसला निघून गेल्यावर तो गट पांगला. त्यातला कालिस्तो अमेरिकेत जाऊन पैसेवाला होऊन परतला. माणसांवर भार टाकू नये हे म्हणणं या अनुभवाने पक्कंच व्हायला हवं होतं. पॅरिसमध्ये तर त्याहून वाईट घडलं. 1528 मध्ये तिथे पोहोचल्यावर त्याने आपले पंचवीस एस्कुदो बिऱ्हाडातल्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे सांभाळायला दिले. त्याने ते उडवले. इनिगोला धर्मशाळेत राहून भीक मागत शिकावं लागलं. काही दिवसांनी खबर आली, तो पैसे उडवणारा रूआँला आजारी पडला आहे. इनिगो अनवाणी, काही न खाता-पिता, तीन दिवस चालत तिथे गेला, त्याला धीर दिला, स्पेनला जाणाऱ्या जहाजावर त्याची सोय लावली.

बार्सिलोनाहून निघालेला आणि रूआँकडे निघालेला, हे दोन वेगळे इनिगो आहेत. पहिल्याला भीती होती की माणूस आपल्या आणि देवाच्या मध्ये येईल. दुसरा, फसवलेल्या माणसाकडे जाताना, देवाच्याच वाटेवर असल्यासारखा चालला. ख्रिस्ती विचारात या वळणाला आधार होता. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या रीव्हो मठाचा प्रमुख एलरेड याने मैत्रीवर एक संवादग्रंथ लिहिला. देव आणि मित्र यांच्यात निवड करायची नसते. दोन मित्रांच्या मध्ये तिसरा ख्रिस्त असतो, असा त्याचा आशय. इग्नेशियसने तो वाचल्याचा पुरावा नाही. तो तिथवर पोहोचला तो पायपीट करून.

1529 मध्ये सेंत-बार्ब कॉलेजात त्याला एका खोलीत जागा मिळाली. खोलीत आधीचे दोघं होते: सव्हॉयच्या डोंगरात लहानपणी मेंढरं राखलेला पीटर फेबर आणि नवारचा फ्रान्सिस झेवियर. दोघंही 1506 चे, म्हणजे इग्नेशियसपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. झेवियरच्या घराण्याचं कॅस्टिलशी वैर होतं. कॅस्टिलने नवार गिळंकृत केल्यावर त्यांच्या वाड्याचे बुरूज पाडले गेले होते, आणि इग्नेशियस ज्या बाजूने पाम्प्लोनाला जायबंदी झाला त्या बाजूविरुद्ध झेवियरचे थोरले भाऊ लढत होते. अशा दोन माणसांची एकाच खोलीत गाठ पडली. फेबर लगेच जवळ आला. झेवियरला वेळ लागला.

15 ऑगस्ट 1534 रोजी सात जणांनी मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या छोट्या प्रार्थनामंदिरात शपथ घेतली: दारिद्र्यात राहायचं आणि मिळून जेरुसलेमला जायचं. पण या वेळी शपथेत एक पोटकलम होतं. व्हेनिसला वर्षभर वाट पाहायची. जहाज मिळालं नाही तर पोपपुढे उभं राहून तो पाठवील तिथे जायचं. खेचराचा लगाम सोडणारा माणूस आता मित्रांबरोबर बसून पर्यायी योजना आखत होता, आणि त्यात त्याला श्रद्धेची कमतरता दिसत नव्हती.

इग्नेशियस प्रकृतीमुळे आधी निघाला. बाकीचे, आता नऊ झालेले, 15 नोव्हेंबर 1536 ला पॅरिसहून पायी निघाले. फ्रान्स आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांचं युद्ध पेटलं होतं; नेहमीचा दक्षिणेचा रस्ता बंद, म्हणून लोरेन, बाझेल, आल्प्स असा वळसा. अंगात विद्यार्थ्यांचे लांब झगे, गळ्यात जपमाळ, हातात काठी, खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत बायबल, प्रार्थनेची पोथी आणि अभ्यासाची टिपणं. आधी पाऊस, मग बर्फ. फ्रेंच हद्दीत शिपायांनी अडवलं की फ्रेंच बोलणारे पुढे होत आणि स्पॅनिश गप्प राहत; सम्राटाच्या मुलखात उलट. या प्रवासाच्या आठवणी त्यांच्यातल्या सिमाँव रॉड्रिग्ज या पोर्तुगीजाने 1577 मध्ये लिहून ठेवल्या. झेवियरची एक गोष्ट चरित्रांत येते. तो पॅरिसला उंच उडी मारण्यात पटाईत होता. त्या गर्वाचं प्रायश्चित्त म्हणून त्याने दंडांना आणि मांड्यांना दोऱ्या आवळून बांधल्या आणि तसाच चालत राहिला. दोऱ्या मांसात रुतल्या, पाय सुजले, एक पाऊल टाकणं अशक्य झालं. स्वतःच्या देहाला दिलेली ही एकांतातली शिक्षा शेवटी सगळ्यांची अडचण झाली. मित्रांनी त्याला उचलून मुक्कामाला आणलं आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. सकाळी दोऱ्या सुटलेल्या होत्या, असं सांगतात.

8 जानेवारी 1537 ला सगळे व्हेनिसला भेटले. जहाजाला अवकाश होता, म्हणून दोन रुग्णालयांत विभागून रोग्यांची सेवा केली. वसंतात पोपची परवानगी आणायला इग्नेशियसखेरीज बाकीचे रोमला पायी निघाले, उपवासाच्या काळात, धुवांधार पावसात. रावेन्नाच्या पुढे पुराच्या पाण्यातून चालावं लागलं. अँकोनाला नावाड्याचं भाडं द्यायला पैसे नव्हते, म्हणून एकाने आपली पोथी गहाण टाकली आणि ती सोडवण्यासाठी बाकीचे गावात मागायला गेले. रॉड्रिग्जला म्हातारपणीही आठवत होतं ते अँकोनाच्या बाजारातलं दृश्य: पॅरिस विद्यापीठात नाव कमावलेला आपला एक मित्र, अनवाणी, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, भाजीवाल्या बायकांपुढे हात पसरत फिरतो आहे आणि त्या कुणी मुळा, कुणी कोबी त्याला देत आहेत.

रोमला पोप तिसरा पॉल याने आपल्या जेवणाच्या वेळी त्यांची धर्मचर्चा ऐकली, परवानगी दिली, वर पैसेही दिले. जेरुसलेमला तुम्ही जाऊ शकाल असं वाटत नाही, हेही सांगितलं. इतरांच्या मदतीसह रक्कम दोनशे एस्कुदोंच्या वर गेली. ती त्यांनी व्हेनिसवरच्या हुंडीने पाठवली आणि परतीचा सगळा रस्ता पुन्हा भिक्षेवर काढला. त्या वर्षी व्हेनिस आणि तुर्क यांचं बिनसलं, ऑगस्टमध्ये तुर्कांनी कोर्फूला वेढा घातला, आणि दरवर्षी सुटणारं यात्रेकरूंचं जहाज नेमकं 1537 मध्ये सुटलंच नाही. पैसे ज्याचे त्याला परत करण्यात आले.

वाट पाहताना ते दोघं-तिघं करून आसपासच्या गावांत पांगले. इग्नेशियस, फेबर आणि त्यांच्यातलाच लाइनेझ यांच्या वाट्याला विचेंझाबाहेरचं एक पडकं मठघर आलं. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, पेंढ्यावर पथारी. दोघं दिवसातून दोनदा भिक्षेला जात आणि जेमतेम पाव घेऊन येत. इग्नेशियसचे डोळे अधू झाले होते म्हणून तो मागे राही आणि तो पाव पाण्यात उकळून तिघांसाठी शिजवून ठेवी. अशातच कळलं की बास्सानोला रॉड्रिग्ज मरणाच्या दारात आहे. इग्नेशियसला स्वतःला ताप होता. तरी तो फेबरला घेऊन निघाला, पस्तीसेक किलोमीटरची वाट, आणि इतका झपाट्याने चालला की तरुण फेबरला त्याचा वेग झेपेना. रॉड्रिग्ज बरा झाला.

मित्राच्या खांद्यावरचा हात देवावरच्या विश्वासातून वजा होतो का, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर बास्सानोच्या त्या वाटेवर शोधावं. पडलेल्याला सोबत्याने उठवणं ही गोष्ट ज्याला चौदा वर्षांपूर्वी श्रद्धेतली खोट वाटली होती, तोच ताप अंगावर घेऊन एकाला उठवायला निघाला. देवावरचा त्याचा भरवसा या काळात कमी झाल्याचं कुठेच दिसत नाही. फरक पडला तो देव कुठून येतो या समजुतीत. आधी तो वरून, सरळ, मधल्या माणसाला वगळून यायचा. आता तो उकळलेल्या पावात आणि आजाऱ्याच्या उशाशीही होता. आपल्या श्रद्धेचं मोजमाप आपण किती एकटे आहोत यावर करणं, हा धार्मिक माणसाचा फार जुना मोह आहे. त्यातून बाहेर पडायला इग्नेशियससारख्याला दीड दशक लागलं.

मात्र मैत्रीला पुरतं उत्तर मानण्यात एक धोका आहे, आणि तो याच मंडळींच्या इतिहासात दिसतो. इसाबेल रोझेर ही बार्सिलोनातली बाई. तिने इग्नेशियसला जेवू घातलं, पॅरिसला पैसे पाठवले. 1545 मध्ये तिने रोममध्ये त्याच्यापुढे संघाची व्रतं घेतली. पुढच्याच वर्षी ती रद्द करण्यात आली, पैशांवरून खटलाही झाला. वाटेवरचा जिव्हाळा पुरुषांच्या वर्तुळापुरता राहिला.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. 1540 मध्ये पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी माणसं मागितली. रॉड्रिग्ज आणि त्याच गटातला बोबादिया यांची निवड झाली. बोबादिया तापाने आडवा झाला, आणि एक-दोन दिवसांच्या सूचनेवर झेवियर त्याच्या जागी निघाला. 6 मे 1542 ला तो गोव्यात उतरला. मित्रांना तो पुन्हा कधी भेटला नाही. 10 मे 1546 ला अंबोन बेटावरून त्याने कळवलं की त्यांच्या पत्रांतून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं आपण कापून घेतली आहेत आणि आपल्या व्रताच्या कागदाबरोबर ती सतत जवळ बाळगतो. त्याच बेटावरून, त्याच महिन्यात, त्याने पोर्तुगालच्या राजाला दुसरं पत्र लिहिलं: गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणावं. ते 1560 मध्ये आलं आणि गोव्यातल्या हिंदूंनी, यहुद्यांनी, नवख्रिस्ती कुटुंबांनी त्याची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली. मित्रांसाठी इतकं हळवं असलेलं मन अनोळखी माणसांच्या श्रद्धेबाबत इतकं कठोर होऊ शकलं. मित्रावरचं प्रेम देवाच्या आड येत नाही, हे इग्नेशियसच्या वाटेने दाखवलं. ते आपोआप परक्यापर्यंत पोहोचत नाही, हे झेवियरच्या दोन पत्रांनी. ओल्ड गोव्याच्या बाँ जेझू बॅसिलिकात त्याच्या शवपेटीपुढे रांगेत उभं राहणाऱ्याने ही दोन्ही पत्रं एकत्र लक्षात ठेवावीत. त्याच संघाचा फादर थॉमस स्टीफन्स याने पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते 1616 मध्ये छापलं गेलं, हेही त्याच इतिहासात आहे.

इग्नेशियसच्या वाटेचा, लोयोलापासून मोंतसेरातजवळच्या मनरेसापर्यंतचा सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा मार्ग आता यात्रेकरूंसाठी आखून दिलेला आहे. पाठीवर पिशवी टाकून त्या वाटेने चालणाऱ्यांत श्रद्धावान असतात, नसलेलेही असतात. दर मार्चमध्ये नवारचे हजारो लोक झेवियरच्या वाड्याकडे पायी जातात, बहुतेक जण घोळक्याने, गप्पा मारत.

मिळून जेरुसलेमला जायची शपथ घेतलेल्या मित्रांपैकी तिथे जाऊन आलेला एकटा इग्नेशियस, तोही शपथेच्या आधी. बाकी कुणी ते शहर पाहिलं नाही. झेवियर 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या शांगच्वान बेटावर वारला. त्याला युरोपात परत बोलावणारं इग्नेशियसचं पत्र 28 जून 1553 चं आहे. तापामुळे मागे राहिलेला बोबादिया सगळ्यांत जास्त जगला. 1590 मध्ये तो लोरेटोला वारला, तेव्हा दहांपैकी तो शेवटचा होता.